सहावा शब्द

ज्योती गेली त्या दिवशी मी कारखान्यात होतो. आत फोन नेता येत नाही. सकाळी गेटवर जमा करायचा, सुटल्यावर परत घ्यायचा. मोतीलाल नावाचा पहारेकरी लाकडी कप्प्यांतून ज्याचा त्याचा फोन काढून देतो. त्या दिवशी माझा फोन त्याने आधीच हातात धरून ठेवला होता.

"निंबाभाऊ, दिवसभर थरथरत होता," तो म्हणाला. "सरकत सरकत कप्प्याच्या बाहेर आला. पडता पडता धरला मी."

फोन पिंपळनेरचे होते. ज्योती, माझी बायको, तिथल्या आश्रमशाळेत कॉम्प्युटर शिकवायची. शिकवता शिकवता डोकं धरून खाली बसली, ती उठली नाही. मेंदूतली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. तिला वरणगावला घरी आणलं. तापीकाठी मी माझ्या हाताने अग्नी दिला. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की खात्री नव्हती. खात्री होती.

नोकरीमुळे आम्ही दोघं खान्देशच्या दोन टोकांना राहायचो. रोजचं बोलणं फेसबुकवर. पण घरच्या कॉम्प्युटरवर ते कायम उघडं असायचं आणि माझा मोठा भाऊ तोताराम येता-जाता वाचायचा. एकदा चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मला म्हणाला, "काय राजे, जेवलात का? पोटभर जेवा बरं, वाळून गेलात!" ते ज्योतीचे शब्द होते.

ती सुटीत आली तेव्हा तिने कॉम्प्युटरवर एक साधन बसवलं. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळी खिडकी उघडायची, तिच्यात आज्ञा टाइप करायची, निरोप लिहायचा. निरोपाचा नुसता अक्षरांचा चोथा होतो. तो फेसबुकवर पाठवायचा. समोरच्याने आपल्या काळ्या खिडकीत तो टाकला आणि आपला पासवर्ड दिला की मराठी परत मिळते. आम्ही त्याला कुलूप म्हणायचो.

"भाऊ, आता वाचा," ज्योती म्हणाली.

तोतारामने चष्मा लावून पाहिलं. "हे काय, कीबोर्डवरून मांजर गेलं का?"

माझी माय धुळ्याकडची. अजून अहिराणीच बोलते. ती चुलीपासून ओरडली, "कंप्युटरले कुलूप लावस, नि दूधवर झाकन ठेवाले इसरी जास!"

ज्योती हसली आणि झाकण ठेवायला पळाली. ते ती नेहमीच विसरायची.

कुलपाची एक रीत होती. दोघांची किल्ली वेगवेगळी. कोणी नवी किल्ली केली की दोन्हीकडे सहा शब्द दिसायचे. ते दर वेळी नवे असायचे. शब्द इंग्रजी होते, ज्योतीने त्यांच्या जागी आपले घातले होते. मग फोनवर पहिला शब्द तिने म्हणायचा, दुसरा मी, तिसरा तिने. सहावा माझा. सगळे जुळले तरच मी 'होय' दाबायचं. मी अडखळलो की ती म्हणायची, "अहो, पुढचा तुमचा."

"एवढं कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

"नावाने कोणीही येईल," ती म्हणाली. "माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय होय म्हणू नका."

ती गेल्यावर मी रोज कामावरून आलो की काळी खिडकी उघडायचो आणि तिचा एखादा जुना निरोप वाचायचो. मेथी महाग झाली. पोरींनी आज माझं चित्र काढलं, नाक केवढं काढलंय. असंच काहीबाही. तेवढंच माझ्याकडे होतं.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. त्या संध्याकाळी खिडकी उघडली तर निरोप आला नाही. एक ओळ आली: ज्योतीने नवी किल्ली केली आहे. खाली सहा शब्द. त्याखाली प्रश्न: ही ज्योतीच आहे का? होय किंवा नाही.

मी खिडकी बंद केली. पुन्हा उघडली. प्रश्न तसाच होता.

जळगावला समाधान राहतो. ज्योतीबरोबर शिकलेला, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तो रविवारी आला. शब्दांवर मी कागद चिकटवून ठेवला होता. तो उचलायला मी त्याला मनाई केली.

"नवी किल्ली करायला जुनी लागते," तो म्हणाला. "ती वहिनींच्या लॅपटॉपमध्ये आहे, आणि पासवर्ड त्यांच्याच डोक्यात. कोणीतरी लॅपटॉप उघडलाय, भाऊ."

मी कपाट उघडलं. शाळेतून आलेली तिची पिशवी तिथेच होती. शिपायाने मारलेली सुतळीची गाठही तशीच. समाधानने गाठ कापून लॅपटॉप काढला. बॅटरी फुगून झाकण वर आलं होतं. त्याने मागचे स्क्रू काढले, आत पाहिलं आणि परत बसवले.

"चालू होईल का?" मी विचारलं.

"हा? नाही."

"मी नाही दाबलं तर?"

"त्यांचं सगळं पुसलं जाईल. जुने निरोपसुद्धा."

"आणि होय?"

तो पिशवीची सुतळी बोटाला गुंडाळत राहिला. "मग जे कोणी आहे, त्याला कुलूप ज्योती समजेल. आधी खात्री करून घ्या." तो उठला. चहा न घेता गेला.

अखाजीच्या दिवशी आमच्याकडे पितरांची घागर भरतात. घरातलं माणूस गेलं की पहिल्या अखाजीला त्याच्या नावाची घागर असते. पाणी भरायचं, वर डांगर म्हणजे खरबूज, गोड सांजोरी, आंबा ठेवायचा. घागर भरली की ते माणूस पितरांत गेलं. मी नवी लाल घागर आणून उंबऱ्याजवळ ठेवली होती.

सकाळचं लख्ख ऊन होतं. माय उंबऱ्याशी बसली. कुंकवात बोट बुडवून एकेक ठसा उमटवायचा आणि एकेका पितराचं नाव घ्यायचं. तिने माझ्या आजोबांचं घेतलं, झुलाल. आजीचं घेतलं. माझ्या वडिलांचं घेतलं. मी पाण्याची कळशी घेऊन उभा होतो.

तिने पुन्हा बोट बुडवलं. उंबऱ्यावर टेकवलं.

"पाटा," ती म्हणाली.

आणि थांबली.

कागदाखालचा पहिला शब्द तोच होता. मायला अक्षर ओळखता येत नाही. कॉम्प्युटरच्या खोलीत ती जात नाही. कागद मी उचललेला नव्हता.

तिने मान वर केली नाही. बोट उंबऱ्यावर तसंच दाबलेलं. ती वाट पाहत होती.

माझ्या तोंडून शब्द आपोआप गेला. "मेथी."

तिने दुसरा ठसा उमटवला. "रांजण."

"उंबर."

"कापूस."

पाचही बरोबर होते.

सहावा माझा होता. बाहेर तोताराम कोणाशी तरी आंब्याच्या भावावरून बोलत होता. कळशीतलं पाणी माझ्या पायावर सांडत होतं.

"अहो," माय म्हणाली. "पुढचा तुमचा."

माझ्या मायने मला जन्मात कधी अहो म्हटलेलं नाही.

मी कळशी खाली ठेवली. तिने वर पाहिलं, डोळे बारीक केले.

"काय देखी ऱ्हायना रे निंबा? घागर भर ना. ऊन चढी गयं."

मी घागर उचलून आत नेली. अंगात कणकण आहे, असं सांगितलं.

त्याला काही दिवस झाले. माय बरी आहे, खाते-पिते, तोतारामशी भांडते. फक्त दुपारी उंबऱ्याशी जाऊन बसते आणि एक बोट लाकडावर टेकवून ठेवते. दूध तापवते, आणि त्यावर झाकण ठेवायला विसरते.

खिडकीतला प्रश्न तसाच आहे. घागर कोरडी आहे. सहावा शब्द मी अजून म्हटलेला नाही, म्हणून इथेही लिहिलेला नाही.