गिरणीच्या इंजिनातला काळा चिकटा

"धोंडूने तेलात भेसळ केली, काकू. चार माणसांत तुम्ही तेवढं बोला," बुरोंडीचा गिरणीवाला गंगारामशेट म्हणाला.

आंजर्ल्यात यमुनाबाईंच्या ओटीवर बसून त्याने, त्यांनी पुढे केलेला गूळ डाव्या हाताने उचलला. उजवा कोटाच्या खिशात. मुंबईत वाढलेल्याची ही रीत पाहून यमुनाबाईंना शिसारी आली. शिक्षण दुसरीपर्यंत, पण पंचक्रोशीतल्या लबाड्या त्याच उकलत. सोबत दीर भिकाजी, पिशवी धरायला.

गिरणीत सरकारी चाचणी चालली होती. डिझेलमध्ये चौथा हिस्सा उंडीच्या बियांचं तेल. आठ दिवस इंजिन चाललं, की शेटने कायम धोंडूच्या घाण्यावरचं तेल घ्यायचं, असा करार. सातव्या दिवशी इंजिन बसलं.

बुरोंडीच्या गिरणीत पोचताच यमुनाबाईंनी इंजिनाच्या नळीत काडी फिरवली. काळा, राळेसारखा चिकटा ओघळला. त्यांनी नाकाला पदर लावला.

"काजूच्या टरफलांचं तेल. होड्यांना लावतात. हाताला आधी खोबरेल चोपडलं नाही, तर कातडी फोडांनी भरते."

"म्हणजे धोंडूच," भिकाजी म्हणाला. "त्याचे हात सदा तेलकट."

"काकू, माझा घाणा बंद पडेल हो," दाराशी उभा धोंडू पुटपुटला.

इंजिनवाला रघू म्हणाला, "त्याचं तेल मी गाळूनच पिंपात भरतो. गाळणं स्वच्छ होतं. मग पिंपाच्या खोलीला कुलूप. एक किल्ली माझी, एक शेटची."

"एवढ्यात बाहेरचं कोणी आलं होतं?"

"डिझेल कंपनीचा माणूस. परवा शेटकडे जेवून गेला."

यमुनाबाई वळल्या. "गंगाराम, उजवा हात काढ."

"चहा सांडला, काकू."

"काढ म्हणते."

बोटांच्या बेचक्यांत पिवळे फोड टरारले होते.

"चहा वरून सांडतो, बेचक्यांत शिरून बसत नाही. गाळल्यावर पिंपात घाण पडली, म्हणजे ती किल्लीवाल्याने टाकली. रघूचे हात बघ, साफ आहेत. तू मुंबईत वाढलास, खोबरेलाचं तुला ठाऊक नाही. कंपनीने काय कबूल केलं?"

"खेडची डिझेलची एजन्सी," गंगाराम खाली बघत म्हणाला.

"आणि त्यासाठी या गरिबाला माझ्या तोंडून चोर म्हणवणार होतास. किळस येते मला तुझी. रघू, पिंप ओत, नळ्या धू. चाचणीच्या सरकारी साहेबाला खरं सांगून आठही दिवस पुन्हा मोजायचे. धोंडू, ताजं तेल..."

धोंडू जागेवर नव्हता. घाण्याला बैल जुंपायला तो केव्हाच निघाला होता.