एकसष्ट टक्के फरक

"डबी बंद करा, तीस आकडे मोजा आणि पुन्हा सुरू करा," मदत-केंद्रातला गोड आवाज म्हणाला, तसे भूपाल शिरगुप्पे फोनवरच कडाडले, "अहो, तीस काय, तीनशे मोजून झाले!"

पंधरा दिवसांतली ही त्यांची सतरावी तक्रार. वायर बदलून झाली होती. इंटरनेटची डबी लोखंडी कपाटामागून काढून खिडकीत आणून ठेवली होती. मिरजेच्या पाणीपुरवठा खात्यात तेहतीस वर्षं गळत्या शोधण्यात गेलेला माणूस. पण ही गळती काही केल्या त्यांच्या हाती लागत नव्हती.

बरं, बाकी सगळं झकास. सिनेमे चालत, कॅनडातला मुलगा समोरच्या खुर्चीत बसल्यासारखा बोले. अडकत होती ती फक्त अक्का. सकाळी नऊला वैभववाडीला थोरल्या बहिणीला फोन लावला की पडद्यावर तिचा चेहरा उमटे, ओठ अर्ध्यावर थिजत, हात हवेत लटकून राही आणि मग कॉलच तुटे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची पद्माक्का. आई गेली तेव्हा भूपाल चार वर्षांचे होते. त्यांना हिनंच वाढवलं. पुढे सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून ती कोकणात गेली आणि निवृत्तीनंतरही तिथंच एकटी राहिली.

अखेर कंपनीनं तंत्रज्ञ पाठवली. शबनम मुजावर, पस्तिशीची, पाठीला अवजारांची पिशवी. तिनं आल्या आल्या डबीला आपला तपासयंत्राचा पडदा जोडला.

"काका, लाइन उत्तम आहे."

"तेच ऐकून कान किटलेत! मग अक्काच तेवढी का अडकते?"

पडद्यावरचा एक आकडा शबनम पुन्हा पुन्हा बघत होती. मग तिनं खुर्ची ओढली.

त्या काळात तारांमधून माणसांची बोलणी पूर्वीसारखी अख्खी जात नसत. कोट्यवधी घरांची चित्रं आणि आवाज वाहून नेणं तारांना झेपेना, तेव्हा शास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट हेरली होती. माणूस जे बोलतो त्यातलं बहुतेक सगळं आधीच ठाऊक असतं. 'कसं काय?' म्हटल्यावर 'बरं आहे' हेच येणार. मग ते पाठवायचं कशाला? म्हणून प्रत्येक घरातल्या डबीत नेहमीच्या माणसांचा एकेक 'ठसा' असे. त्यांचा आवाज, हातवारे, बोलायची ढब, सगळं त्यात साठवलेलं. तो माणूस पुढच्या क्षणी काय बोलेल, कसा हसेल, याचा अंदाज डबी घरातच बांधी आणि पडद्यावर दाखवी. अंदाज चुकला, तर जेवढा चुकला तेवढंच तारेतून येई. याला 'फरक' म्हणत.

"तुमच्या मुलाचा फरक दोन टक्के आहे," शबनम म्हणाली. "म्हणजे शंभरातलं अठ्ठ्याण्णव ही डबीच बोलते."

"काय सांगता!"

"सगळ्यांचं तसंच असतं, काका. माझ्या नवऱ्याचा तर एकच टक्का." ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "तुमच्या अक्कांचा फरक एकसष्ट टक्के येतोय. एवढा मावेल अशी तार आम्ही टाकलेलीच नाही. म्हणून त्या अडकतात."

"म्हणजे बिघाड कुठंय?"

"तारेत नाही, डबीतही नाही. अक्का आता अक्कांसारखं बोलत नाहीत."

भूपालांना संताप आला. कंपनीचा गलथानपणा झाकायला ही बाई अक्काच्या डोक्यावर खापर फोडतेय, असं वाटलं. "काहीतरीच काय! गेल्या आठवड्यात चार दिवस फोन स्वच्छ लागला होता. चक्कर येते का, गोळ्या घेतेस का, सगळं विचारलं मी. 'मला काय धाड भरलीय!' म्हणाली. ठणठणीत होती."

शबनमनं पडद्यावर बोट सरकवलं. "ते चार दिवस ऑफिसनं 'नितळ' चालू केलं होतं. तुमच्या तक्रारींमुळेच. त्यात फार मोठा फरक आला तर डबी तो टाकून देते आणि नुसता अंदाज दाखवते."

"मग 'धाड भरलीय' कोण म्हणालं?"

"डबी."

"आणि अक्का काय म्हणाली?"

"टाकून दिलेला फरक साठवत नाहीत, काका. फक्त लांबी दिसतेय. चार दिवसांत बावन्न मिनिटं."

बावन्न मिनिटं अक्का काहीतरी सांगत होती आणि भूपाल समोर बसून मान डोलवत होते.

"नितळ कायमचं चालू करू का?" शबनमनं हळूच विचारलं. "पुष्कळ लोक करून घेतात."

"नको! हात लावू नका त्याला!"

निघताना तिनं जुन्या नोंदी वाचून दाखवल्या. "कॉल तुटतो ही तुमची तक्रार मात्र मिटलीय. अक्कांच्या डबीतली 'सांधणी' वाढवलीय. म्हणजे लाइन गेली तरी त्यांना तुम्ही दिसत, बोलत राहता, लाइन परत येईपर्यंत. आधी मर्यादा दहा सेकंदांची होती. आता मर्यादाच ठेवलेली नाही."

भूपालांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते पिशवीत कपडे कोंबत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी पकडून ते निघाले. नऊच्या सुमारास गगनबावड्याहून त्यांनी फोन लावला. "अक्का, मी येतोय गं!" अक्काचा चेहरा थिजला, ओठ अडकले, आणि गाडी घाटात शिरताच रेंज गेली. त्यांनी चरफडत फोन खिशात टाकला.

दहा वाजून गेले तेव्हा ते अक्काच्या फाटकाशी पोचले. शेजारच्या सावंतबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांना बघून त्या चकित झाल्या.

"तुमी? आनि आता बाईंशी बोलतत ते कोन?" मग हसून म्हणाल्या, "दिवसभर तुमच्याशीच बोलना चलता. भाव इतकी इचारपूस करता, म्हणान आमका काय काळजी वाटाक नाय."

भूपाल आत गेले. अक्का केस मोकळे सोडून आरामखुर्चीत बसली होती. साडी उलटी नेसलेली, पायावर पडल्याची मोठी काळीनिळी खूण. समोर पडद्यावर भूपाल होते. ते चिडत नव्हते, घड्याळाकडे बघत नव्हते. ती तेच तेच विचारत होती आणि ते तेच तेच उत्तर मायेनं देत होते.

"अक्का," भूपालांनी दारातूनच हाक मारली.

तिनं वळून पाहिलं. अनोळखी माणसाला बघावं तसं पाहिलं. मग दवाखान्यातल्या जुन्या सवयीनं हात वर करून म्हणाली, "बाहेर बसा जरा. भावाशी बोलतेय."

आणि पडद्याकडे वळून तिनं आवाज खाली आणला. "भूपा, कुणीतरी आलंय रे घरात. मला भीती वाटते."

"घाबरू नकोस अक्का," पडद्यावरचे भूपाल म्हणाले. "मी आहे ना."