तुझ्या अंधारात

"अहो, जरा डावीकडे सरकता का? प्रकाश वाया जातोय!"

शिडीवरून मी ओरडले, तर रंगमंचावर उभा असलेला तो शांतपणे म्हणाला, "वाया? माझ्यावर पडतोय तो."

"म्हणूनच म्हणाले."

तो हसला... सरकला मात्र नाही. हा सलिल, आमच्या नव्या नाटकाचा नायक. मी वल्लरी. खराडीतल्या कंपनीतली बरी चाललेली नोकरी सोडून नाटकांची प्रकाशयोजना करायला निघालेली, आणि म्हणून आईच्या मते डोक्यावर पडलेली.

तालीम संपली की तो मला चहाला थांबवायचा. चहात आलं कमी म्हणून टपरीवाल्याशी वाद घालायचा, आणि निघताना माझी वायरींची जड पिशवी स्वतःच उचलायचा. प्रेमात पडायला आणखी काय लागतं? पडले!

पहिल्या प्रयोगाला एक बडे निर्माते येणार होते. दिग्दर्शक विक्रमने फर्मान काढलं, "शेवटच्या प्रसंगात समोरचे सगळे दिवे लाव. चेहरे दिसायला हवेत."

वडिलांना स्मशानात पोचवून रिकाम्या घरात परतलेला मुलगा... त्याचा चेहरा कुणी बघूच नये, असं मला वाटत होतं. मला हवा होता फक्त मागून एक दिवा, आणि तसं मी विक्रमला सांगितलं.

"कर," विक्रम म्हणाला. "पण फसलं, तर पुढच्या नाटकाला दुसरं कुणीतरी."

त्या संध्याकाळी सलिल जवळ आला. "वल्लरी, थोडासा उजेड... माझ्यासाठी? ते मलाही बघायला येतायत गं."

मी म्हणाले, "तुझ्यासाठी काहीही करेन. एवढं सोडून. इथेही दुसऱ्यांच्या मनासारखंच करायचं, तर खराडीतली नोकरी काय वाईट होती?"

तो चहा न घेताच निघून गेला. मी रडले, पण दिवा हलवला नाही.

प्रयोगात तो प्रसंग आला. प्रेक्षकांच्या मागे, दिव्यांच्या काचेच्या खोलीतून मी समोरचे दिवे विझवले. सलिलच्या मनात असतं तर किंचित वळून त्याला गालावर तरी प्रकाश घेता आला असता. पण तो सरळ मी खडूने केलेल्या खुणेवर जाऊन उभा राहिला. पुण्याच्या प्रेक्षकांत कुणी खोकलंसुद्धा नाही, यातच सगळं आलं.

नंतर निर्मात्यांनी "प्रकाश कुणाचा?" असं विचारत माझा नंबर घेतला. सलिलला नुसतंच "छान" म्हणून ते गेले.

विंगेत तो माझ्या वायरी गुंडाळत होता.

"रागावलायस?"

"थोडासा." मग हळूच म्हणाला, "एरवी दिवे डोळ्यांवर असतात गं, समोरचं काही दिसतच नाही. आज दिसलं. पार मागे, काचेच्या खिडकीत... तू."

"मग?"

"मग काय? आवडतेस तू मला. आणि माझा चेहरा दिसत नव्हता तेच बरं झालं, वल्लरी. एवढ्या दुःखाच्या प्रसंगात मी चक्क हसत होतो!"

मी त्याचा हात घट्ट धरला. "उद्याही अंधारच असेल हं."

"असू दे," तो म्हणाला. "खूण तेवढी पुसू नकोस."