कासिमालीचा राहिलेला आशीर्वाद

दोरोनबेक पीठ आणायला गेला होता, एवढंच. बारा डिसेंबर, रात्रीचे पावणेबारा. दुसऱ्या सकाळी बापाचा चाळिसावा, बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, करायला पीठ कमी पडलं, म्हणून बहिणीच्या गावाला. पलीकडच्या गल्लीतलाच पोरगा, मी त्याला रांगताना पाहिलाय. चहा ओतून घ्या, मग मध्ये उठू नका.

त्याचा बाप कासिमाली. त्याने आशीर्वाद दिल्याशिवाय आमच्या कोचकोर गावात लग्न लागत नसे, असा आवाज. त्याच घशात कॅन्सर निघाला, फार पसरलेला. अल्माटीच्या डॉक्टरीणबाईंनी पोराला स्पष्ट सांगितलं, "रोबॉटचे हात तोंडातून जाऊन जिभेमागची गाठ काढतील. पण रोग खाली उतरलाय, स्वरयंत्रही काढावं लागेल. आवाज कायमचा जाईल. वडिलांना सांगा."

सांगतो कोण? आपल्यात आजाऱ्यापुढे अशा आजाराचं नाव काढत नाहीत. म्हाताऱ्याने कागद न वाचताच सही केली. "तू वाचलंस ना? मग झालं."

आदल्या रात्री म्हणाला, "हात पसर. तुझ्या लग्नाचा आशीर्वाद आजच देऊन टाकतो."

"आत्ता नको, बाबा. निरोप घेतल्यासारखं होतं. परत आल्यावर चारचौघांत द्या. रोबॉट आहे, त्याचा हात थरथरत नाही."

"मग त्यालाच मुलगा करून घेतो," म्हातारा हसला. उघडलेले तळवे त्याने मिटून घेतले.

रोबॉटने काम चोख केलं, त्याला बोल नाही. गळ्याला भोक राहिलं, श्वास तिथूनच. म्हाताऱ्याने पाटीवर लिहिलं, 'तुला माहीत होतं?' दोरोनबेकने मान खाली घातली. त्यानंतर म्हाताऱ्याने पाटीला हात लावला नाही. तसाच गेला.

तर त्या रात्री, परतताना, कबरस्तानाच्या वळणावर गाडी बंद पडली. दिवे गेले.

शेजारी कुणीतरी बसलं. दार वाजलं नाही.

श्वास... शिट्टी वाजल्यासारखा.

त्याने वळून पाहिलं नाही. तळवे उघडले.

"बाबा... द्या."

श्वास. नुसता श्वास.

"बाबा, चुकलो..."

...

मग तो श्वासही थांबला.

सकाळी गाडी दारात आली, तेव्हा पोती उतरवायला मी होतो. समोरच्या काचेवर, आतून, शेजारच्या सीटपुढे नाण्याएवढा बर्फाचा गोल. बाकी काच कोरडी. दोरोनबेक उंचीने बापाएवढाच, म्हणून त्याला त्या सीटवर बसवून पाहिलं.

तोंडासमोर काच स्वच्छ होती. गोल खाली होता, गळ्यासमोर.