भुजंग्याची रास

रस्ता रुंद करायला आलेल्या जेसीबीनं भुजंग्याची रास उकरली, त्या दिवशी गुंडप्पाला कळलं की आपली बायको आता घरी यायची नाही.

मुरुडच्या वाटेवर, ओढ्यावरच्या पुलाच्या अलीकडं ही दगडांची रास होती. निजामाच्या राज्यात भुजंग्या नावाचा दरोडेखोर होऊन गेला. त्यानं वऱ्हाडाची गाडी अडवली आणि नवरीचे कान दागिन्यांसकट ओरबाडले. गावानं त्याला जागीच ठेचलं आणि वर दगड लोटले. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्यानं तिथं एक दगड टाकायची चाल पडली. टाकला नाही तर भुजंग्या मागं लागतो, म्हणायचे. राशीत दगड पडायचे. तिथला दगड उचलायची मात्र कुणाची छाती नव्हती.

गुंडप्पा दुकान उघडं टाकून धावला. राशीखालच्या खड्ड्यात त्याची बायको नीलम्मा बसलेली होती. मांडी घातलेली, पाठ मातीला टेकलेली. ओळखायला हिरवं लुगडं आणि जोडवी तेवढी उरली होती.

"नरबळी हाय," गर्दीत कुणीतरी म्हणालं. "बसवलंय बघा कसं. राख बी लावलीय." दोघंतिघं मोबाईलवर फोटो काढत होते.

फौजदार सुकन्या इंगोले यांनी गर्दी मागं हटवली. बाई हदगावकडच्या, बोलणं मोजकं. त्यांनी गुंडप्पाला बाभळीखाली बसवलं, पाणी दिलं.

"कुठं निघाल्या होत्या त्या?"

"माहेरी, उदगीरला. पावसाळ्याच्या तोंडाला, एका दुपारी फाट्यापर्यंत चालत गेली. तिथून बस मिळते."

"फाट्यापर्यंत सोडलं नाही कुणी?"

"दुकानात मी एकटाच होतो. धाकटा भाऊ वीरेश माल बघायला नांदेडला गेला होता. अंधार पडल्यावर आला."

"तुम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून विचारते. हा नरबळी आहे का?"

"न्हाई बाई. हे आमचं मातीला देणं हाय. भस्म लावून, डाव्या हातात इष्टलिंग देऊन."

फौजदारबाईंनी एक पारदर्शक पिशवी पुढं धरली. आत काळं गुळगुळीत लिंग होतं. "डाव्या हातातच सापडलं."

गुंडप्पानं पिशवी उन्हाकडं धरली. फिरवून आतलं लिंग नीट पाहिलं.

"हे तिचं न्हाई."

"कशावरून?"

"रोज सकाळी शेजारी बसून पूजा करायचो आम्ही. तिचं बोराएवढं होतं. पांढऱ्या कापडात बांधून गळ्यात घालायची. हे केवढं मोठं हाय."

"मग कुणाचं आहे?"

"म्हाईत न्हाई."

"आणि त्यांचं कुठं आहे?"

गुंडप्पाचा हात स्वतःच्या गळ्याकडं गेला. लिंग लहानपणी गुरूच्या हातून गळ्यात येतं, ते माणसाबरोबर मातीत जातं. त्याची आजी सांगायची, जुन्या काळी लिंग हरवलं तर सापडेपर्यंत लोक अन्नाला शिवत नसत. काही जण तसेच उपाशी जीव सोडत. नीलम्मा तर विहिरीवर वाकतानाही एक हात गळ्याशी धरायची.

लातूरच्या दवाखान्यातून देह दुसऱ्या दिवशी मिळाला. शेतात खड्डा खणायचं काम चालू होतं. गुंडप्पा बांधावर बसून होता. ती हरवल्यावर मुरुडच्या वाटेनं दोघं भाऊ मोटारसायकलवर तिला शोधत फिरले होते. राशीपाशी आलं की गुंडप्पा उतरायचा, दगड टाकायचा आणि मनात म्हणायचा, माझं माणूस सापडू दे. वीरेश गाडी चालू ठेवून समोर बघत बसायचा.

"तू बी टाक की एक," गुंडप्पा एकदा म्हणाला होता.

"मला पटत न्हाई असलं खुळ, आण्णा."

शेळ्या राखणारी नागुबाई बांधावर त्याच्याशेजारी येऊन टेकली. थोडा वेळ डोळे पुसले. मग तिला गप्प राहवलं नाही.

"तुमच्या वीरेशलाबी लई लागलंय बघा. पुलाखाली पाण्यात उभा राहून गाळ चाळतोय कधीचा. म्या म्हटलं, वाण्याच्या पोरा, मासे धरून राहिलास काय रं? स्वामी जेवाय आले की कालवण वाढणार का? तर म्हणतो, गाडीची किल्ली पडली."

"कधीपासून?"

"वहिनी हरवल्यापासूनच की. मधी ओढा दुथडी भरून गेला, तरी याची किल्ली काही घावंना. गाडी तर रोज फिरवतोय."

गुंडप्पा बांधावरून उठला. त्यानं फौजदारबाईंना फोन केला. "मातीला या," एवढंच म्हणाला.

देह खड्ड्यात बसवला. गुरुलिंग स्वामींनी भस्म काढलं. "घरच्यांनी आपापलं लिंग डाव्या हातावर घ्या."

गुंडप्पानं घेतलं. आपली पूजा नेहमी वेगळी उरकणारा वीरेश गळ्यातली लिंगाची चांदीची डबी नुसती चाचपत होता.

"खटका अडकलाय, स्वामी."

"दे इकडं," गुंडप्पा म्हणाला.

"राहू द्या, आण्णा."

"दे."

डबी सहज उघडली. आत कापडात गुंडाळलेली सुपारी होती.

गुंडप्पानं ती सगळ्यांना दिसेल अशी धरली. फौजदारबाई बांधावरून खाली उतरल्या.

"मारणारा परका असता तर तिला कसंबी टाकून गेला असता," गुंडप्पा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आपल्यातला होता, म्हणून नीट बसवलं. तिचं लिंग मिळंना, म्हणून स्वतःचं दिलं. देणाऱ्याच्या गळ्यात आता काय असंल, एवढंच बघायचं राहिलं होतं. दगड टाकायला तुझा हात का उठत नव्हता, तेबी कळलं. खाली कोण हाय ते तुला म्हाईत होतं. मी मात्र टाकत होतो."

वीरेश खाली बसला.

"मारलं न्हाई, आण्णा. नांदेडहून येताना प्यायलो होतो. फाट्यावर वहिनी दिसल्या. बस चुकली होती. म्हटलं, घरी सोडतो. पुलावर गाडी कलली. मी रस्त्यावर पडलो, त्या खाली दगडांवर. गळ्यातलं तुटून पाण्यात गेलं."

"जागीच गेल्या का?" फौजदारबाईंनी विचारलं.

तो मातीचं ढेकूळ चुरडू लागला.

"वीरेश."

"श्वास होता. काही वेळ होता. तोंडाला वास येत होता माझ्या. दवाखान्यात नेलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. मी तिथंच बसून राहिलो."

"हात धरला होतास का तिचा?" गुंडप्पानं विचारलं.

"हाव."

गुंडप्पानं मान हलवली. भावाला मारायला हात उठावा, असं त्याला वाटत होतं. उठला नाही.

पोलिसांची गाडी गेल्यावर स्वामींनी हळूच विचारलं, "हातात काय द्यायचं?"

"वीरेशचं लिंग पोलिसांकडं हाय. मिळालं तरी देणार न्हाई."

खड्डा उघडा ठेवता येत नाही. तिच्या डाव्या हातावर चिमूटभर भस्म ठेवलं आणि माती लोटली.

आता सकाळची पूजा आटोपली की गुंडप्पा दुकानातली चाळण घेऊन पुलाखाली उतरतो. पुराबरोबर तिथला गाळ केव्हाच मांजरा नदीला मिळाला, असं नागुबाई सांगते. तेही त्याला ठाऊक आहे.

नीलम्माचं लिंग तिच्या हातात द्यायचं राहिलं आहे.