शकुचा आकडा

गोराईत चर्चच्या मागच्या गल्लीत रुडॉल्फ अंकल राहतात. चाळीस वर्षं लग्नांचे फोटो काढले, आता जुन्या लेन्स साफ करून विकतात. त्यांनी दोन लेन्स माझ्यासमोर ठेवल्या. एक पन्नास मिलिमीटरची जपानी, एक अठ्ठावन्नची रशियन.

"दोन्ही ने. एक रविवारी परत आण. हातात चार दिवस राहिल्याशिवाय लेन्स कळत नाय, पोरी."

हातानं फोकस करायची लेन्स कशाला, असं माझा नवरा सुयोग विचारत होता. माझ्या फोनमध्ये आमच्या लेकीचे, शकुचे, चौदा हजार फोटो आहेत आणि त्यातला एकही मी नीट बघून काढलेला नाही, हे त्याला सांगितलं असतं तर तो हसला असता. गेल्या वर्षी तापात तिला झटका आला, तेव्हापासून मी तिच्याकडे सारखी बघत असते. आता ती चार वर्षांची आहे. ठणठणीत आहे. तरी बघते.

निघताना अंकलनी एकच गोष्ट शिकवली. फोकस झाला की लेन्सच्या रिंगवरचं अंतर वाचायचं, समोरचा माणूस किती मीटरवर आहे ते. "आम्ही फ्लॅश आकड्यावर मारायचो, अंदाजावर नाय."

सोमवारी बोरिवलीच्या घरी मी कॅमेरा आणि शिवणाची टेप घेऊन बसले. कपाट दोन मीटरवर, आकडा दोन. फ्रिज तीन, आकडा तीन. पन्नासची बरोबर, अठ्ठावन्नचीही बरोबर. मग समोर सासूबाई गवार मोडत बसल्या होत्या, मांडीवर शकु. अठ्ठावन्नच्या लेन्समधून सासूबाईंवर फोकस केला. दोन मीटर. गवारीची शीरसुद्धा दिसत होती.

शकु पुसट होती.

रिंग फिरवली. शकु स्वच्छ झाली, सासूबाई धुकट. आकडा तीन.

"लेन्स कॅमेऱ्याला जोडायचा अडॅप्टर ढिला असेल," सुयोग म्हणाला.

"मग आईंचा आकडा बरोबर कसा येतो?"

"जान्हवी, तू पण ना. पन्नासची ठेव आणि विषय संपव."

पन्नासच्या लेन्समध्ये दोघी एकत्र स्वच्छ दिसत होत्या. तीच ठेवायची, हे तसं उघड होतं. पण दुसऱ्या दिवशी मी नवा अडॅप्टर आणला आणि पुन्हा मोजलं. शकु साडेतीन. बुधवारी मला ऑफिसला जावं लागलं. संध्याकाळी आल्यावर पाच. आमचा हॉल टोकापासून टोकापर्यंत चार मीटर आहे.

गुरुवारी सुट्टी टाकली. सकाळभर कॅमेरा डोळ्यापासून हलवला नाही. शकु चित्रं रंगवत होती, मी रिंग सावकाश तिच्यामागे फिरवत होते. दुपारपर्यंत आकडा साडेचारवर आला. मग चारवर. कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले. परत आले तर पाच.

म्हणजे बघत राहिलं की ती जवळ येत होती.

"अगं, जेव तरी," सासूबाई म्हणाल्या. "पोरीला दृष्ट लावशील अशानं, स्वतःचीच."

मी डाव्या हातानं जेवले.

रविवारी शकुला घेऊन फेरीबोटीनं गोराईला गेले. कॅमेरा बॅगेत ठेवला, अंकलसमोर वेड्यासारखं दिसू नये म्हणून. ही माझी चूक.

अंकलनी लेन्सकडे न बघता विचारलं, "कोणाचा आकडा चुकतो?"

मी अंगणात मांजराशी खेळणाऱ्या शकुकडे बोट दाखवलं.

"माझ्या कॉन्सेप्टाचा चुकायचा," ते म्हणाले. "बायको माझी. पन्नासची ठेव, पोरी. त्यात काय दिसत नाय. बरं असतं ते."

"तुम्ही काय केलंत?"

"दोन वर्षं बघत होतो. मग डोळा दमला."

"आणि त्या?"

त्यांनी पन्नासची लेन्स उचलली, फडक्यानं पुसली, पुन्हा पुसली. चहा झाला. ते लग्नांच्या गोष्टी सांगत राहिले. निघायला तासभर लागला. पन्नासची तिथंच ठेवून मी उठले.

"विचार कर," ते म्हणाले.

"केलाय."

जेट्टीवर फेरी यायची होती. शकु माझ्यापासून एक पाऊल दूर, बिस्किट खात. मी कॅमेरा काढला.

पाच. पुसट.

दहा. पुसट.

त्यापुढे फक्त आडव्या आठाची, अनंताची खूण. रिंग तिथे जाऊन अडली. खाडीपलीकडच्या इमारतींच्या खिडक्या एकेक करून मोजता येत होत्या. शकु पुसटच होती.

मी चाचपडून तिचा हात धरला. गरम, बिस्किटानं चिकट. घट्ट धरला. घरी पोचेपर्यंत, उद्या, परवा, कितीही दिवस लागोत, आता मी नजर काढणार नव्हते.

"शकु."

तिनं मान वर केली. पुसट ओठ हलले, आवाज आला नाही.

वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत मोजतात, तसं मी मोजायला लागले. एक. दोन. तीन.

"काय गं आई?"