दुसरं मिनिट

चहा घ्या पोरांनो, आणि कुरकुर बंद करा. एका रात्रीच्या पहाऱ्यात माना टाकताय! हेडली वायमर युद्धात चार-चार रात्री जागायचा. समुद्रात पडलेल्या वैमानिकांना उचलून आणणाऱ्या बोटीवर तो इंजिनवाला होता. आता सांगतो ते त्याच्या बाबतीत घडलं. मी शेजारी होतो. हसू नकोस, मॉली.

९ मार्च १९७८, गुरुवारची रात्र. हेडलीची बोट ‘आयव्ही’ लोस्टॉफ्टला दुरुस्तीला दिली होती, ती घरी साउथवोल्डला आणायची, एवढंच काम. एक वाजताच्या भरतीला निघालो. धुकं होतं, वारा नव्हता.

दर दहा मिनिटांनी म्हातारा इंजिन बंद करायचा. अख्खं बंदर त्याला त्यावरून हसायचं. मीही म्हणालो, “हेडली, अशानं आपण ईस्टरला पोचू.”

“पोचू की. दोन मिनिटं गप्प बस.”

युद्धातली रीत ती. वैमानिकांच्या कॉलरला शिट्टी बांधलेली असायची. म्हणून दर दहा मिनिटांनी इंजिन बंद करायचं आणि दोन मिनिटं कान देऊन ऐकायचं. वर काढलेल्याला आधी कांबळं गुंडाळायचं. बंदराला लागलं की तो कांबळ्यासकट पसार, आणि कोठीवाला बोटवाल्यांच्या नावानं शंख करायचा. हेडलीनं ‘आयव्ही’वरही एक कांबळं ठेवलं होतं, बाकावर, घडी घालून. कितीही गारठा असो, त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्यानं पुन्हा इंजिन बंद केलं. आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

“चौथी रात्र होती रे रेज. पाच जण उचलले होते, सहावा राहिला होता. घड्याळ माझ्या हातात. एक मिनिट झालं... आणि मी इंजिन सुरू केलं. झोप हवी होती, दुसरं काही नाही. त्याच क्षणी शिट्टी ऐकली. मी एकट्यानंच. आणि बोललो नाही. पुन्हा थांबायचं, पुन्हा शोधायचं... अंगात त्राणच नव्हतं.”

चौतीस वर्षं तो माणूस त्या एका मिनिटानं पोखरला होता. मला त्याची फार दया आली.

एक मिनिट झालं. त्याचा हात बटणावर होता. त्यानं तो काढून घेतला.

दुसरं मिनिट...

शिट्टी.

दूर. मग जवळ. मग बोटीच्या कडेला, अगदी खाली.

हेडली गुडघ्यांवर बसला. दोन्ही हात पाण्यात घातले. “ये बाबा,” म्हणाला. “थांबलोय मी. ये.”

मी टॉर्च मारला. पाण्यात कुणी नव्हतं.

बोट त्या बाजूला कलली. खूप कलली. मग सरळ झाली... पण आता जरा खोल बसली होती.

हेडलीनं इंजिन सुरू केलं. बंदर येईपर्यंत बाकाकडे मी वळून बघितलं नाही. बोट बांधली. हेडली धक्क्यावर चढला, बोट थोडी वर आली. मी चढलो, आणखी वर आली. आम्ही दोघं धक्क्यावर उभे.

बोट तिसऱ्यांदा वर आली.

मग मी टॉर्च फिरवला. बाक ओला होता, एक माणूस बसेल एवढाच. कांबळं नव्हतं.

“शोधू का?” मी विचारलं.

“नको रे,” हेडली म्हणाला. इतका दमलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. “ते कुणी परत आणून देत नाही.”